पंचवीस फेऱ्यांची शर्यत : देरार्तू तुलूची गोष्ट



राण्यांच्या आणि पुढारी बायांच्या गोष्टी आपण पुष्कळ ऐकतो. आज आम्ही तुम्हाला गुरं राखणाऱ्या एका मुलीची गोष्ट सांगणार आहोत. ती आपल्या देशातली नाही. आफ्रिका खंडात इथिओपिया नावाचा देश आहे, तिथली. तिचं नाव देरार्तू तुलू. ऑलिंपिकचं सुवर्णपदक जिंकणारी ती पहिली कृष्णवर्णीय आफ्रिकी स्त्री. ते पदक तिला मिळालं दहा किलोमीटर धावण्याच्या शर्यतीत.

दहा किलोमीटर म्हणजे किती? मैदानाची एक फेरी 400 मीटरची असते. अशा पंचवीस फेऱ्या, न थांबता.

पण ही शर्यत बायकांना सहजासहजी मिळालेली नाही. म्हणून आधी थोडं मागे जाऊ. 1928 साली हॉलंडमधल्या ॲमस्टरडॅम शहरात ऑलिंपिक झालं. त्यात पहिल्यांदाच बायकांसाठी 800 मीटरची शर्यत ठेवली होती. म्हणजे फक्त दोन फेऱ्या. अंतिम शर्यतीत नऊ जणी धावल्या आणि नऊच्या नऊ जणींनी ती पूर्ण केली. जर्मनीच्या लीना राडके हिने जगातला नवा विक्रम केला. शर्यत संपल्यावर काही जणी दमून मैदानात आडव्या झाल्या. दमून आडवं होणं पुरुषांनाही चुकत नाही. पण वर्तमानपत्रांनी बोभाटा केला की बाया कोसळल्या, बाईच्या शरीराला हे झेपत नाही. तेवढ्यावरून ती शर्यतच बंद झाली. पुन्हा सुरू व्हायला 1960 साल उजाडावं लागलं. बत्तीस वर्षं गेली, मैत्रिणींनो. जिने त्या काळात धावायचं मनात आणलं असेल, तिचं सगळं तरुणपण त्यात गेलं.

पुरुषांची दहा किलोमीटरची शर्यत ऑलिंपिकमध्ये 1912 पासून होती. बायकांची आली 1988 मध्ये. देरार्तूचा जन्म 1972 चा. म्हणजे जी शर्यत तिने पुढे जिंकली, ती ऑलिंपिकमध्ये आली तेव्हा ती सोळा वर्षांची होती!

तिचं गाव बेकोजी. इथिओपियाच्या आर्सी भागातलं, डोंगरावरचं. आपल्या महाराष्ट्रातलं सगळ्यांत उंच शिखर कळसूबाई, 1,646 मीटर. बेकोजी गाव त्याहून हजार मीटरपेक्षा जास्त उंचीवर आहे. तिथे लोक गहू आणि जव पिकवतात, गुरं पाळतात. देरार्तू दहा भावंडांतली सातवी. लहानपणी गुरांमागे डोंगरात फिरायची. शाळेत एकदा 400 मीटरच्या शर्यतीत तिने शाळेतल्या सगळ्यांत पळणाऱ्या मुलालाही मागे टाकलं. तिथून तिच्याकडे लोकांचं लक्ष गेलं.

आता कुणी म्हणेल, डोंगरावरच्या माणसांना पळणं सोपंच. त्यात थोडं खरं आहे. उंचावर हवा विरळ असते. श्वासाबरोबर प्राणवायू कमी मिळतो. मग शरीर तो भरून काढायला रक्तातल्या लाल पेशी वाढवतं. आशाताई आपलं हिमोग्लोबिन तपासायला सांगतात ना, तेच हे. रक्तात ते चांगलं असलं की दम टिकतो, कमी असलं की जिना चढतानाही धाप लागते. पण नुसत्या डोंगराने कुणी विजेती होत नाही. बेकोजीत पाणी भरणाऱ्या, गुरं राखणाऱ्या बाया आधीही होत्याच. त्यांना कुणी मैदान दाखवलं नव्हतं. देरार्तूला शाळा मिळाली. पुढे तुरुंग पोलीस दलाच्या क्रीडा संघात जागा मिळाली, म्हणजे पळण्याचा पगार मिळू लागला. मुलीच्या पळण्याला घरात किंमत यायला पगाराची मदत होते, हे आपल्याला काही वेगळं सांगायला नको.

आता येऊ 1992 साली. स्पेनमधलं बार्सिलोना शहर. देरार्तू तेव्हा वीस वर्षांची होती. तिच्याबरोबर धावत होती दक्षिण आफ्रिकेची एलाना मेयर, गोरी. दक्षिण आफ्रिकेत तेव्हा कातडीच्या रंगावरून माणसं वेगळी ठेवली जात. वेगळी वस्ती, वेगळी शाळा, वेगळा दवाखाना. त्या कारणाने जगाने त्या देशाला ऑलिंपिकबाहेर ठेवलं होतं. ते कायदे मोडीत निघू लागले आणि 1960 नंतर त्यांचे खेळाडू पहिल्यांदाच आले होते.

शर्यत अर्ध्याच्या पुढे गेली तशी मेयरने वेग वाढवला. बाकीच्या मागे पडल्या. देरार्तू मात्र तिच्या पाठीला चिकटून राहिली. पुढे जाईना आणि मागेही पडेना. एकामागून एक फेऱ्या झाल्या. शेवटची फेरी सुरू व्हायच्या जरा आधी देरार्तू बाजूने सुटली, ती थेट रेषेपलीकडेच थांबली. वेळ लागला 31 मिनिटं 6 सेकंद. मेयर पाच सेकंदांनी मागून आली.

त्यानंतर जे झालं ते जगाच्या लक्षात राहिलं. दोघींनी एकमेकींना जवळ घेतलं आणि हात हातात धरून मैदानाची फेरी मारली. एक काळी, एक गोरी, दोघी आफ्रिकेच्या. दक्षिण आफ्रिकेत सगळ्यांना मताचा हक्क मिळाला तो 1994 मध्ये. त्याच्या दोन वर्षं आधी या दोघी अशा धावल्या.

इथे गोष्ट संपली असती तरी मोठी होती. पण आम्हाला तिचा पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. विजयानंतर दुखापती आल्या. 1996 च्या ऑलिंपिकमध्ये तिचा चौथा नंबर आला, पदक हुकलं. 1998 मध्ये ती आई झाली. मुलगी झाली. बाळंतपणानंतर बाईचं शरीर कसं असतं ते आपण जाणतो. लोक काय म्हणतात तेही जाणतो. झालं आता, घर बघ.

देरार्तू परत पळायला लागली. 2000 साली ती माळरानावरून, चढउतारावरून धावण्याच्या स्पर्धेत जगात पहिली आली. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या सिडनी ऑलिंपिकला गेली आणि तीच दहा किलोमीटरची शर्यत जिंकली. वेळ 30 मिनिटं 17 सेकंद. वीस वर्षांची असताना पळाली होती, त्यापेक्षा अठ्ठावीसाव्या वर्षी, एका लेकराची आई असताना, ती 49 सेकंद लवकर पोचली. ही शर्यत ऑलिंपिकमध्ये दोनदा जिंकणारी ती पहिली बाई. 2004 मध्ये अथेन्सला पुन्हा तिसरी आली.

2009 साली, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, तिने न्यूयॉर्कची मॅरेथॉन जिंकली. मॅरेथॉन म्हणजे 42 किलोमीटरच्याही थोडं वर. त्या दिवशी इंग्लंडची पॉला रॅडक्लिफ तिच्यासोबत धावत होती. मॅरेथॉनचा जागतिक विक्रम तेव्हा पॉलाच्याच नावावर होता. वाटेत पॉलाचा पाय दुखू लागला, ती मागे पडू लागली. तेव्हा देरार्तूने वेग कमी करून तिला हिंमत दिली, सोबत चल म्हणून खुणावलं, अशी आठवण सांगितली जाते. पॉलाला ते जमलं नाही, ती चौथी आली. देरार्तू पहिली.

2018 मध्ये देरार्तू तिच्या देशातल्या धावपटूंच्या महासंघाची अध्यक्ष झाली. ज्या संस्थेकडून खेळाडूंना परवानगी आणि संधी मिळते, तिथे गुरं राखणारी मुलगी खुर्चीवर बसली.

आणि बेकोजी? तिथल्याच फातुमा रोबाने 1996 मध्ये ऑलिंपिकची मॅरेथॉन जिंकली. तिथल्याच, देरार्तूच्या नात्यातल्या तिरुनेश दिबाबाने 2008 आणि 2012 मध्ये दहा किलोमीटरची शर्यत जिंकली. एक बाई पुढे गेली की मागच्यांना वाट दिसते, ती अशी.

मैत्रिणींनो, आपल्यातली कुणी शिकायची थांबली, कुणी शिवणकाम सोडलं, कुणी बाळंतपणात गटाच्या बैठकीला यायची राहिली. आपण तिला ‘सुटली’ म्हणतो आणि यादीतून नाव काढतो. देरार्तूच्या हिशोबात मात्र ती एखादी संथ फेरी आहे. अजून फेऱ्या बाकी असतात.

पुढच्या बैठकीत दोन गोष्टींवर बोला. आपल्या गटातली कोण मध्येच थांबली आहे, आणि तिला परत यायला नक्की कशाची गरज आहे? लेकरू सांभाळायला कुणी हवं, बैठकीची वेळ बदलायला हवी, की नुसतं कुणी बोलवायला जायला हवं? दुसरं, आपल्या गावच्या शाळेत मुलींना मैदानावर पळायला मिळतं का? नसेल तर पालकसभेत कोण विचारणार, तिचं नाव त्याच बैठकीत ठरवा.