सूत्रधार, हाफीज आणि संगणक

१८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' उभे केले, तेव्हा नटांच्या हाती नक्कल नव्हती. पदे भाव्यांनी रचलेली. ती सूत्रधार म्हणायचा आणि नट प्रसंग ओळखून आपापली भाषणे जागच्या जागी जुळवायचे. सगळ्या खेळाचा भार एका माणसाच्या पाठांतरावर! लिहिलेल्या संहितेची 'बुकिश' नाटके पुढे १८६० नंतर आली आणि ओघाने विंगेतला प्रॉम्प्टरही आला.

कृष्णेच्या वरच्या अंगाला, सातारा जिल्ह्यातल्या वाईत, वेदपठणाची परंपरा. घनपाठात दोन शब्द सुलट, मग उलट, नंतर तिसरा जोडून सुलट, उलट आणि पुन्हा सुलट. एक शब्द निसटला की चूक तिथल्या तिथे उघडी पडते. आमच्याकडे रमजानमध्ये तरावीहच्या नमाजात हाफीज अख्खे कुराण मुखोद्गत म्हणतात. ते कुठे अडले तर मागे उभा असलेला जाणकार पुढचा शब्द पुरवतो. त्याला 'लुकमा देणे' म्हणतात. लुकमा म्हणजे घास. कवी म्हणून या शब्दाचा मला फार हेवा वाटतो.

हे सारे आठवायला कारण झाले मिरजेचे आमचे मामू. उभा जन्म सतारी बनवण्यात गेला. गेली दोन वर्षे ओळखीची नावे सापडत नाहीत, तीच गोष्ट पुन्हा विचारतात. पण घरचा व्यवहार स्वतः पाहतात. डॉक्टरांनी सांगितले, माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट. म्हणजे वयाच्या विसराळूपणापेक्षा जास्त आणि स्मृतिभ्रंशापेक्षा कमी. या मधल्या अवस्थेची लक्षणे अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या रोनाल्ड पीटरसन यांनी १९९९ साली नीट मांडली. तिथून प्रत्येक जण स्मृतिभ्रंशाकडे जातोच असे नाही. काही जण तिथेच थांबतात, काही सुधारतातही.

नातवाने पुण्याहून टॅबलेट आणला. त्यात स्मरणशक्तीचे खेळ: चित्रांच्या जोड्या लावा. चित्रे कसली, तर ब्लूबेरी, अॅव्होकॅडो. मामूंनी ती फळे उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती. खेळ हरल्याचे त्यांना जे वाईट वाटले, ते मला पाहवले नाही. त्याच संध्याकाळी कुणाच्या तरी सतारीची जवारी बिघडली होती. ती त्यांनी कानाने ओळखून घासून दिली.

अशा सरावाने काय साधते? अमेरिकेत १९९८ साली २,८३२ वृद्धांवर एक मोठा प्रयोग सुरू झाला. एका गटाला स्मरणाच्या युक्त्या, दुसऱ्याला तर्काचा सराव, तिसऱ्याला संगणकावर झटपट पाहून ओळखण्याचा सराव. २००२ चा निकाल असा की ज्याने जे घोटले, त्यातच तो सुधारला. एका विहिरीचे पाणी दुसरीत गेले नाही. ज्यांची स्मृती आधीच उणावली होती, त्यांना स्मरणाच्या युक्त्यांचा उपयोग झाला नाही, बाकीच्या दोन सरावांचा झाला, हे २००७ साली पुढे आले. जाहिराती मात्र भलत्याच पुढे धावल्या. मेंदूच्या खेळांच्या 'ल्युमॉसिटी' या कंपनीला फसव्या दाव्यांपायी २०१६ साली वीस लाख डॉलर भरावे लागले.

मला जास्त रस आहे तो २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात. मामूंसारखीच अवस्था असलेले १०७ जण, ७८ आठवडे. निम्म्यांना संगणकावरचे खेळ, निम्म्यांना संगणकावरच शब्दकोडी. शब्दकोडी सरस ठरली. फरक लहान होता, आणि काहीच न करणारा तिसरा गट नव्हता. तेव्हा याला औषध म्हणू नये. पण शब्दकोडे म्हणजे स्वतःची भाषाच की! माणूस जन्मभर साठवलेल्या शब्दांच्या कोठारात हात घालतो.

इथे आपले घोडे अडते. स्मृतिभ्रंश आणि ही मधली अवस्था तपासण्यासाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने केलेला चाचणीसंच २०२० साली प्रसिद्ध झाला, तो हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भाषांत. मराठी त्यात नव्हती. पावकी, निमकी, औटकी तोंडपाठ असलेली पिढी आज तपासणीच्या वयाला आली आहे. तिच्यासाठी संगणकावर काही करायचे तर पाढे, ओव्या, बाजारातल्या भाज्या, सतारीच्या तारांचे सूर घ्यायला हवेत. नुसता अनुवाद करून भागणार नाही.

मामूंचा टॅबलेट सध्या नातवाकडे परत गेला आहे. रविवारच्या पुरवणीतले शब्दकोडे ते पेन्सिलीने सोडवतात. अडले की मुमानी स्वयंपाकघरातून लुकमा देतात. कधी कधी चुकीचा.