खिळे सात, पैकी एक वाकडा

एखादा माणूस स्वतःच्या घरात राहतो की भाड्याच्या, हे ओळखण्याची एक सोपी खूण आहे. त्याच्या हातात हातोडी द्यावी आणि भिंतीकडे बोट दाखवावं. घर स्वतःचं असेल तर तो खिळा मागतो. भाड्याचं असेल तर आधी दाराबाहेर कोण उभं आहे ते बघून येतो.

मी जन्मल्यापासून दाराबाहेर बघणाऱ्यांपैकी. तरीसुद्धा गेल्या दिवाळीत मुलीच्या घरी पुण्याला जाताना माझी बुद्धी फिरली. तिच्या आजीचा, म्हणजे माझ्या आईचा, फोटो मी घेऊन गेलो होतो आणि सोबत हातोडी अन् दोन इंची खिळे. पिशवीतून हातोडी बाहेर आली मात्र, मुलगी किंचाळली, "बाबा, ती आत ठेव आधी! भिंतीला भोक पडलं तर डिपॉझिटमधून पैसे कापणार. करारात लिहिलंय तसं!"

मग तिनं मला घर दाखवलं. घर म्हणजे काय, सगळा उचलून नेण्याचा संसार. पडद्याची दांडी दोन भिंतींत नुसती ताणून बसवलेली, स्क्रूचं नाव नाही. एका भिंतीवर पानाफुलांचा कागद. जाताना सोलून काढायचा. मालकाच्या फरशीचा रंग कुणालाच बघवत नाही म्हणून तिच्यावर सतरंजी. दिव्यांची माळ, आरसा, कपाट, सगळं उभं किंवा टेकलेलं. फोटोसाठी तिनं एक चिकटणारा हूक काढला. भिंत स्पिरिटनं पुसली, पट्टी दाबून धरली आणि म्हणाली, "आता तासभर थांबायचं. लगेच वजन दिलं तर पडतो." आम्ही सगळे तासभर त्या हुकाकडे बघत बसलो. काढतानासुद्धा शास्त्र आहे म्हणे. पट्टी आपल्याकडे ओढायची नाही, भिंतीलगत सरळ खाली, हळूहळू ताणायची, म्हणजे रंगाचा टवका निघत नाही. या पट्ट्या अमेरिकेतल्या थ्रीएम कंपनीनं १९९६ साली बाजारात आणल्या. ही विद्या आपल्याच पिढीला सापडली, असा मुलीचा समज दिसला. तिला काय सांगणार, की तिच्या आजोबांनी गिरगावातल्या चाळीत या विद्येची ५५ वर्षं उपासना केली होती, आणि तीही चिकटपट्टीशिवाय!

त्या उपासनेमागे इतिहास आहे, आणि तो थोडा सांगायला हवा. १८८२ साली इंग्रजांनी मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा केला. त्यातलं १०८ वं कलम म्हणजे भाडेकरूची गीता. कब्जा आपल्याकडे आहे तोवर आपण लावलेल्या वस्तू आपण काढून नेऊ शकतो. मात्र जागा जशी मिळाली तशीच परत करायची. मालकाच्या संमतीशिवाय पक्कं बांधकाम करायचं नाही. सूट एवढीच, की वापरानं होणारी वाजवी झीज आणि अनावर आपत्ती यांचा दोष भाडेकरूला नाही. आमचे अण्णा एका वकिलाकडे कारकून होते, त्यामुळे हे सगळं त्यांना तोंडपाठ. आम्हा चार भावंडांना ते कोणत्या सदरात धरत हे त्यांनी कधी स्पष्ट केलं नाही, पण त्यांच्या चेहऱ्यावरून आम्ही अनावर आपत्तीतच मोडत असू.

पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईत जागांची टंचाई झाली, भाडी भडकली आणि १९१८ साली भाडेनियंत्रणाचा कायदा आला. तो युद्धापुरता होता. पण मुंबईत तात्पुरती आलेली वस्तू सहसा परत जात नाही. स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ साली, मुंबई भाडेनियंत्रण कायदा झाला आणि १ सप्टेंबर १९४० या दिवशी जागेचं जे भाडं होतं तेच प्रमाण भाडं ठरलं. पुढे महागाई कुठल्या कुठे गेली, पण कराबिराची किरकोळ वाढ सोडली तर भाडं जिथल्या तिथे. खरं सांगायचं तर आमच्या खोलीत एकच खिळा पक्का ठोकलेला होता, तो भाड्याचा! आणि तो सरकारनं ठोकलेला होता.

आता यात मालकाची बाजूही बघायला हवी. महिना १९ रुपये भाड्यात त्यानं चुना लावायचा की स्वतःच्या कपाळाला हात? शहरभर मालकांनी दुरुस्तीचा नाद सोडला. जुन्या इमारती कोसळू लागल्या, तेव्हा सरकारनं १९६९ साली कायदा करून दुरुस्ती मंडळ नेमलं आणि त्यासाठी उपकर बसवला. भाडं वाढवता येत नाही, भाडेकरू हलत नाही, अशा मालकाला एकच आशा उरते: भाडेकरूनं काहीतरी आगळीक करावी. ती सोय कायद्यातच होती. कलम १३ प्रमाणे मालकाच्या लेखी संमतीशिवाय भाडेकरूनं पक्कं बांधकाम केलं, तर जागा खाली करून मागता येई. पण पक्कं म्हणजे किती पक्कं? पोटमाळा पक्का की कच्चा? मोरीचा कठडा? फळी? यावर वर्षानुवर्षं खटले चालले. वस्तू कशी बसवली आहे, जागेची नासधूस न करता ती निघते का, बसवणाऱ्याचा हेतू काय, असे प्रश्न कोर्टं विचारत. फळीला हेतू असतो हे मला अण्णांमुळे लहानपणीच कळलं.

१९५६ साली खोली ताब्यात घेताना अण्णांनी एका वहीत यादी केली होती. दार एक. खिडक्या दोन. खुंट्या चार. फडताळ एक. आणि पुढे सुवाच्य अक्षरात: "खिळे सात, पैकी एक वाकडा." आमचा सगळा संसार या सात खिळ्यांवर लटकत होता. पहिल्यावर देव. दुसऱ्यावर कॅलेंडर, त्याच्यामागे विजेची बिलं, बिलांमागे लाटण्याच्या माराला भिऊन आम्ही लपवलेली प्रगतिपुस्तकं. तिसरा ते पाचवा अशी दोरी, तिच्यावर आईचं जुनं नऊवारी. थोरल्या दादाचं लग्न झाल्यावर त्याच्या संसाराची भिंत ती हीच. सकाळी भिंत घडी करून ट्रंकेत जाई. वाकड्या खिळ्यावर फक्त अण्णांची छत्री. "वाकडा आहे, पण यादीतला आहे," असं ते कौतुकानं म्हणत.

एकदा वायरमन आला. त्यानं भिंतीला भोक पाडून रावल प्लग बसवतो म्हटल्यावर अण्णांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. हा रावल कुणी गुजराती गृहस्थ असावा असं मला कैक वर्षं वाटत होतं. पुढे कळलं, की ते लंडनचे जॉन जोसेफ रॉलिंग्ज. १९१० च्या सुमारास त्यांना ब्रिटिश म्युझियममध्ये विजेची उपकरणं बसवायचं काम मिळालं, आणि भिंती खराब करायच्या नाहीत अशी तिथली अट! त्या काळी भिंतीत मोठा खळगा खणून लाकडी ठोकळा बसवत. रॉलिंग्जनी त्याऐवजी लहान भोकात बसणारी तागाची नळी काढली. स्क्रू पिळला की ती फुगून घट्ट बसते. थोडक्यात, ज्या प्लगला अण्णा घाबरले, तो भिंतींची काळजी करणाऱ्यांनीच जन्माला घातलेला होता.

अण्णांच्या विद्येची खरी परीक्षा १९७४ साली झाली. आमच्याकडे गॅस आला. तोवर आई जमिनीवर बसून स्टोव्हवर स्वयंपाक करी. एव्हाना तिचे गुडघे उठताबसता बोलायला लागले होते. गॅस जोडणाऱ्यानं सांगितलं, शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावर हवी. म्हणजे ओटा हवा. आईचा चेहरा असा फुलला, की जणू तिला बंगला मिळाला. अण्णांचा पडला. ते शेटकडे गेले. शेट म्हणाले, "बांधा की अण्णा, तुमचंच घर आहे!" अण्णा म्हणाले, "लिहून देता?" शेट हसले आणि हवापाण्याच्या गोष्टी बोलू लागले.

अण्णा आठ दिवस गप्प होते. नवव्या दिवशी ते भोकाभोकाच्या लोखंडी पट्ट्या घेऊन आले. कुणाच्याही दुकानातली मांडणी ज्यांची असते, त्या पट्ट्या. लंडनच्या डिमेट्रियस कोमिनो यांनी १९४७ साली 'डेक्सिऑन' नावानं त्या विकायला काढल्या होत्या. नटबोल्ट आवळले की उभं, सैल केले की आडवं. एकीकडे कलम १३ आणि दुसरीकडे त्यावरचा उतारा, दोन्ही १९४७ चेच! अण्णांनी त्यांचा सांगाडा केला, वर कडाप्पा नुसता ठेवला, आणि फरशीवर डाग नको म्हणून पायांखाली सायकलच्या टायरचे तुकडे दिले. सिमेंटचा कण नाही. भिंतीपासून दोन बोटं लांब. आई पोळ्या लाटू लागली की ओटा लोकलसारखा हलायचा. चौथ्या पोळीला तो भिंतीला लागे, मग आई त्याला ढकलून परत स्टेशनात आणी.

महिन्याभरात शेट आले. "अण्णा, हे काय बांधलंत?"

"बांधलं नाही शेट, ठेवलंय."

"कडाप्पा आहे तो!"

"अगं, दूध उतरव," अण्णा आईला म्हणाले. "बाळ, तिकडून धर." मी आणि अण्णांनी कडाप्पा उचलून शेटच्या पायाशी ठेवला, बोल्ट सैल केले, आणि पाच मिनिटांत ओटा म्हणून काही उरलंच नाही. आई दुधाचं पातेलं घेऊन मध्येच उभी. शेट गेले. अण्णांनी विजयी मुद्रेनं ओटा परत उभारला. आईनं दूध पुन्हा गॅसवर ठेवलं आणि म्हणाली, "अहो, कायदा जिंकला ते चांगलंच झालं. पण मला एकदा तरी न हलणाऱ्या ओट्यावर पोळी लाटायची आहे हो."

अण्णा काही बोलले नाहीत.

नवा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा १९९९ चा. तो ३१ मार्च २००० ला लागू झाला. वर्षाला ४ टक्के भाडेवाढ त्यात आली, म्हणून चाळीत हळहळ चालली होती. अण्णांनी मात्र चष्मा पुसून कलम १६ दोनदा वाचलं. पक्कं बांधकाम म्हणजे काय नव्हे, त्याची यादीच दिली होती: लाकडी पार्टिशन, दार, जाळी, हवेसाठी खिडकी, वातानुकूलन यंत्र, धुराडं, आणि स्वयंपाकाचा उभा ओटा! गरज असेल तिथे महापालिकेची परवानगी काढा आणि बांधा. ते आत जवळजवळ धावत गेले. "अगं, ऐकलंस का? ओटा! कायद्यात आला! आता पक्का बांधू."

आई पोळ्याच लाटत होती. २६ वर्षं ती त्या ओट्याशी उभी होती. ती म्हणाली, "आता कशाला? स्थिर ओट्यावर माझी पोळी गोल नाही व्हायची."

ओटा राहिला तो राहिलाच. २००९ साली आई गेली. २०११ साली इमारत पुनर्विकासाला गेली आणि आम्ही खोली सोडली. महिन्याभरात सगळं पाडणार होते. तरी ८४ वर्षांच्या अण्णांनी मला झाडू आणायला लावला, जळमटं काढायला लावली. मालकाचा मुलगा म्हणाला, "अण्णा, कशाला? उद्या हातोडे पडणार." अण्णा म्हणाले, "तुमचे हातोडे तुम्ही बघा. आम्ही मिळाली तशी परत देतोय." त्यांनी वही काढली. दार एक. खिडक्या दोन. खुंट्या चार. फडताळ एक. खिळे सात. वाकड्यावरची छत्री स्वतः उतरवून घेतली.

शेवटी आम्ही ओटा सोडवला. टायरचे तुकडे उचलले; खाली डागाचं नाव नाही. पण ओट्यासमोरची शहाबादी फरशी दोन पावलांच्या जागी गुळगुळीत झाली होती, मधोमध किंचित खोलगट. अण्णा तिथे वाकून बघत राहिले. वही पुन्हा उघडली, मागची पुढची पानं चाळली. मालकाचा मुलगा बिचारा घाईघाईनं म्हणाला, "असू दे हो अण्णा, त्याचं काय एवढं."

"वाजवी झीज," अण्णा म्हणाले, आणि वही मिटली.

मुलीचा हूक अजून टिकून आहे. तिचा करार ११ महिन्यांचा. वर्षाच्या आतल्या कराराची नोंदणी टळावी म्हणून हा आकडा रूढ झाला. महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्यानं छोटा करारही नोंदवावाच लागतो, तरी ११ चा हट्ट कुणी सोडत नाही. करार संपला की ती कागद सोलील, दांडी काढील, पट्टी हळूहळू खाली ओढील, आणि आजीसह नव्या घरी जाईल. निघताना मी तिला एक कोरी वही दिली. "ही कशाला?" तिनं विचारलं. म्हटलं, "खिळे मोजून ठेव. आणि वाकडा असेल तर तसं लिही."