स्वस्त वाद्याची पारख : मिरजेच्या सतारमेकरांचा वारसा

सतार आणि तंबोरा घडवणारी मिरजेची कारागिरी मुळात शस्त्रांच्या धंद्यातून निघाली, आणि हा उगम लक्षात घेतल्यावाचून तिच्यातील गुणदोष पारखण्याची रीत नीट समजत नाही. तलवारी, भाले, कट्यारी यांना धार लावणारे कारागीर म्हणजे शिकलगार. 1818 मध्ये पेशवाई संपली, संस्थानांच्या फौजा आखडत गेल्या, पुढे 1878 च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय हत्यार बाळगणेच गुन्हा ठरवले, आणि या उतरणीच्या काळात शिकलगारांच्या काही घराण्यांना दुसरा उद्योग पाहावा लागला. पहिल्या सतारमेकराचा मान मिरजेची परंपरा फरीदसाहेबांना देते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास, पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाला येणाऱ्या गवयांची वाद्ये दुरुस्त करता करता ही मंडळी नवी वाद्ये घडवू लागली, असे ती सांगते. ‘सतारमेकर’ हे आडनाव पुढे त्या धंद्यालाच चिकटले. अर्धे फारसी आणि अर्धे इंग्रजी असलेले हे आडनाव मिरजेत कोणालाही परके वाटत नाही.

धंदा बदलला तरी हातातली कानस सुटली नाही. तंबोऱ्याच्या तबलीवर, म्हणजे भोपळ्याचे तोंड झाकणाऱ्या लाकडी पृष्ठभागावर, जी घोडी बसवलेली असते, तिचा माथा सपाट नसून अत्यंत सौम्य उताराचा असतो. तार या उतारावरून जाताना त्याला किंचित चाटत राहते, आणि या चाटण्यातून जो भरलेला, झंकारणारा नाद उमटतो त्याला आणि तो देणाऱ्या पृष्ठभागालाही जवारी म्हणतात. हा उतार कानशीने इतक्या बारकाईने साधावा लागतो की केसभर जास्त घासले गेले तर नाद बसतो आणि कमी घासले तर तार नुसती खरखरते. या कामास ‘जवारी काढणे’ असे नाव आहे, आणि मिरजेत ते अननुभवी हातात दिले जात नाही. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1921 मध्ये भारतीय तंतुवाद्यांवर लिहिलेल्या निबंधात या घोडीचा शास्त्रीय विचार केला आहे. तार ज्या बिंदूवर छेडली जाते त्या बिंदूवर स्थिर राहणारे उपस्वर तिच्यातून उमटू नयेत, असा पाश्चात्त्य तारांच्या अभ्यासातून आलेला नियम होता. तंबोऱ्यात ते स्पष्ट ऐकू येतात, हे रामन यांनी दाखवले आणि त्याचे कारण घोडीच्या या घडणीत शोधले. कारागिरांना नियम ठाऊक नव्हता, पण त्याला अपवाद करणारी वस्तू ते पिढ्यान्‌पिढ्या घडवत आले होते.

वाद्याची पारख मात्र बराच काळ ग्राहकाची जबाबदारी नव्हतीच. संस्थानी काळात वाद्य घेणारा गवई असे, तो कारागिराच्या शेजारी बसून तारा जुळवून घेई, आणि न पटलेले वाद्य तिथेच परत कानशीखाली जाई. ही व्यवस्था बदलण्यात मिरजेचाच एक विद्यार्थी कारणीभूत झाला, हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे मिरजेत शिकलेल्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, आणि दरबार व घराणे यांच्याबाहेरच्या मध्यमवर्गीय मुलामुलींना फी भरून, वर्गात बसून संगीत शिकता येऊ लागले. हीच वाट पुढे छत्तीसगढपर्यंत गेली: खैरागडला 1956 मध्ये इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय स्थापन झाले, आणि मुंबईत वाढलेले मराठीभाषक पंडित श्रीकृष्ण रातंजनकर त्याचे कुलगुरू झाले. अशा शिक्षणाने एक नवा ग्राहक जन्माला घातला. त्याच्याजवळ पैसा बेताचा असतो, घराण्याचा उस्ताद दुकानात सोबत येत नाही, आणि त्याचा कान अजून तयार व्हायचा असतो. रायपूरच्या पंडरीतील कापडबाजारात दोन बोटांत पोत धरून कापडाची जात ओळखणारा गिऱ्हाईकही वाद्यासमोर उभा राहिला की पॉलिशकडे पाहू लागतो, कारण पाहता येण्याजोगे तेवढेच त्याला दिसते.

पॉलिश हाच खरा पडदा आहे. तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढे परिसरातील शेतांतून येतो. तो कडू जातीचा असतो, वेलीवर पोसून पुढे पूर्ण वाळवला जातो, आणि त्याची साल किती जाड व किती एकसारखी आहे यावर नादाचा पाया ठरतो. दांडी, गळा आणि तबली यांसाठी तुणीचे लाकूड वापरतात. तूण हलकी, तांबूस आणि कोरायला सोपी असते, पण ती नीट मुरलेली नसली तर पहिल्याच पावसाळ्यात पीळ खाते. भोपळ्यावरची चीर आणि गळ्याचा कच्चा सांधा यांवर भरण घालून लाखेच्या पॉलिशचे दोन जादा हात दिले की काही काळ कोणालाच दिसत नाहीत. हस्तिदंताची जागा घेतलेल्या सेल्युलॉइडच्या नक्षीची गोष्ट हीच. तिच्याने किंमत वाढते, पण नादात तिचा काहीच वाटा नसतो. म्हणून जाणकार नक्षीला हात न लावता दांडीचे टोक डोळ्याशी धरून तिची रेषा पाहतो, तलवारीचे पाते सरळ आहे का ते जसे पाहतात तसेच. मग भोपळ्यावर बोटाच्या पेराने जागोजागी टिचकी मारून आवाज कुठे बदलतो ते ऐकतो, आणि गळ्याचा सांधा दाबून पाहतो.

या पाहणीमागे एक भेद आहे, आणि विद्यार्थ्याच्या वाद्याच्या बाबतीत तोच निर्णायक ठरतो: वाद्यातील काही दोष पुढे दुरुस्त होतात आणि काही होत नाहीत. जवारी पुन्हा काढता येते, तारा बदलता येतात, सरकणाऱ्या खुंटीला खडू लावला की ती धरते. सतारीचे पडदे तर दांडीला दोऱ्याने बांधलेले असल्याने बेसूर पडदा बोटाने सरकवून जागेवर आणता येतो. पिळलेली दांडी, पातळ भोपळा आणि सुटलेला गळा यांना मात्र सहजासहजी उपाय नाही. स्वस्त वाद्य म्हणजे वाईट वाद्य, असा सरसकट समज यामुळेच चुकीचा ठरतो, कारण नक्षी नसलेला, साध्या पॉलिशचा, पण सरळ दांडीचा तंबोरा महागड्या वाकड्या तंबोऱ्यापेक्षा विद्यार्थ्याला अधिक वर्षे साथ देतो.

आज मराठी घरांतही मुलांच्या हाती पहिले वाद्य म्हणून दिसू लागलेले युकुलेले हे चार तारांचे छोटे वाद्य याच कसोटीला लावले तर तिचे पारडे उलटे झुकते. या वाद्याचा इतिहास मिरजेशी काही बाबतींत विलक्षण जुळतो. पोर्तुगालच्या मदेरा बेटावरून ‘रेव्हन्सक्रॅग’ नावाच्या जहाजाने ऑगस्ट 1879 मध्ये होनोलुलूला उतरलेल्या मजुरांत मानुएल नुनेश, ऑगुस्तो दियश आणि जुझे दु एस्पिरितु सांतु हे तीन लाकूडकाम करणारे कारागीर होते. ऊसमळ्यांच्या करारावर आलेल्या या तिघांनी पुढे आपल्या बेटावरच्या ‘माशेत’ या छोट्या गिटारीवरून हवाईचे नवे वाद्य घडवले. इथेही फर्निचरच्या हत्यारांनी वाद्याचा धंदा उभा केला. पण युकुलेलेचे पडदे धातूचे, पट्टीत ठोकून बसवलेले असतात, आणि चुकीच्या जागी ठोकलेला पडदा सरकवता येत नाही. सर्वांत लहान प्रकारात तारेची बोलती लांबी सुमारे 35 सेंटीमीटरच असल्याने चूक लपायला जागाही कमी: बाराव्या पडद्याशी, जिथे ही लांबी निम्मी उरते, केवळ एक मिलिमीटरची चूक अर्ध्या स्वराच्या जवळपास दहाव्या भागाइतका फरक पाडते. म्हणून मोकळी तार आणि बाराव्या पडद्यावर दाबलेली तीच तार यांत नेमके सप्तकाचे अंतर पडते का, हे चारही तारांवर ऐकणे ही पहिली परीक्षा होय. तार पट्टीपासून फार उंच असेल तर दाबताना ताणली जाऊन स्वर चढतो, पण तो दोष टेकू घासून निघतो. नव्या नायलॉन तारा काही दिवस सैल पडत राहतात, तो तर दोषच नव्हे. थरांच्या प्लायवूडलाही नाक मुरडण्याचे कारण नाही. त्याचा नाद काहीसा कोता असला तरी कोकणाच्या दमट हवेत ते पातळ सलग लाकडापेक्षा अधिक टिकाव धरते.

दोन्ही धंद्यांत पुढे शिक्क्याचा प्रश्न आला. सान फ्रान्सिस्कोच्या 1915 च्या जागतिक प्रदर्शनानंतर अमेरिकेत युकुलेलेची लाट उसळली, मुख्य भूमीवरचे कारखाने हवाईचे नाव लावून माल काढू लागले, आणि होनोलुलूच्या कारागिरांनी अस्सल हवाई बनावटीसाठी ‘टॅबू’ हा शिक्का आणला. नुनेश यांनी तर आपल्या वाद्यांवरील चिठ्ठीत 1879 साली या वाद्याचा शोध लावल्याचा मान स्वतःकडेच घेतला होता, जो बाकीच्या दोघांना मान्य झाला असता असे वाटत नाही. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. नावाचा गैरवापर रोखण्यास ते आवश्यकच होते. मात्र वाद्य कुठे बनले, एवढेच हे मानांकन सांगते, आणि जवारी ही एकदा काढली की कायमची राहणारी वस्तू नव्हे. तारेच्या सततच्या घर्षणाने घोडीच्या माथ्यावर बारीक खाच पडते, नाद मंदावतो, आणि उत्तम तंबोराही काही काळाने पुन्हा कानशीखाली न्यावा लागतो. मिरजेत ही सोय हाकेच्या अंतरावर असते. खैरागडच्या किंवा रायपूरच्या विद्यार्थ्याला त्यासाठी शेकडो मैलांवर वाद्य पाठवावे लागू शकते, तेव्हा जवारी काढणारा जवळ कोण आहे, हे त्याने खरेदीपूर्वीच विचारून घेतलेले बरे.