खुर्द्यात हरवलेल्या बहिणी

लष्करातील खासगी बाजाराचे नाव उच्चारताना जुन्या मराठी कारभारातील एक भेद सहज आठवतो. दौलत म्हणजे राज्याचा महसूल आणि खासगी म्हणजे राजघराण्याचा, त्यातही राणीवशाच्या खर्चाचा, वेगळा राखलेला भाग. दौलतीचा हिशेब एका दप्तरात, खासगीचा दुसऱ्या. ग्वाल्हेरात स्थायिक झालेल्या आम्हा मराठी घराण्यांच्या स्मृतीचेही काहीसे असेच झाले आहे. मूळ पुरुष कोण, तो कोणत्या गावाहून कोणत्या सरदाराच्या पथकात आला, कोणत्या लढाईत पडला, हे दौलतीच्या बाजूचे ज्ञान आम्ही पिढ्यान्‌पिढ्या जपले. घरातील स्त्रियांचे काय झाले, हा खासगीचा हिशेब मात्र कागदावर क्वचितच उतरला. वंशावळीत मुलगे नावानिशी येतात. मुलींच्या वाट्याला फार तर ‘कन्या दोन’ एवढीच नोंद येते.

या लेखात एक साधा प्रश्न विचारावयाचा आहे. एखाद्या घरातील थोरली बहीण हरवली आणि चौदा-पंधरा वर्षांच्या धाकट्या बहिणीने तिचा शोध घ्यावयाचे मनात आणले, तर जुन्या काळी तिने तो कसा घेतला असता? दप्तरांत हा शोध सरळ सापडत नाही. दुसऱ्या कोणाच्या तरी शोधकथेच्या कडेला उभा असलेला तो पाहावा लागतो. मराठ्यांच्या इतिहासात माणसे हरवण्याचा सर्वांत मोठा प्रसंग म्हणजे १४ जानेवारी १७६१ चे पानिपत, आणि त्या प्रसंगाचा ग्वाल्हेरशी संबंध निकटचा आहे.

सदाशिवरावभाऊंच्या सैन्याबरोबर लढवय्यांखेरीज फार मोठा बुणगा होता, हे सर्वश्रुत आहे. त्यात बाजारकरी होते, कारकून होते, आणि सैन्याच्या आश्रयाने उत्तरेकडील तीर्थे घडावीत म्हणून निघालेले यात्रेकरूही होते. सरदारांच्या व मुत्सद्द्यांच्या घरातील स्त्रिया होत्या. स्वतः भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई छावणीत होत्या. लढाईचा दिवस मावळला तेव्हा ही सारी माणसे उघड्यावर आली. दुसऱ्या दिवशी पानिपत गावात व आसपास जी कत्तल झाली तीत पुरुष मारले गेले; स्त्रिया व मुले धरून नेण्यात आली. धरल्या गेलेल्यांची संख्या बावीस हजारांच्या घरात सांगितली जाते. आकडा अचूक असो वा नसो, एवढी मोठी गणती करावी लागावी, हेच त्या आपत्तीचे माप आहे.

या पराभवाची वार्ता नानासाहेब पेशव्यांस भेलशाच्या परिसरात मिळाली ती सावकारी पेढीच्या सांकेतिक पत्रातून. ते पत्र प्रत्येक मराठी विद्यार्थ्याने शाळेत वाचलेले असते. त्यात गेलेली माणसे नाण्यांच्या भाषेत मांडली होती. मोती म्हणजे भाऊ आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे थोर सरदार, आणि त्याखालच्या रुपये-खुर्द्याची मोजदादच नाही, असा त्याचा आशय. या पत्राच्या रूपकाचे आम्ही आजवर कौतुक करीत आलो. पण थोडे थांबून विचार केला तर ध्यानी येते की हे रूपक म्हणजे एक उतरंड आहे. मोती दोन, म्हणून त्यांची नावे कळतात. मोहरा काही, म्हणून त्यांची गणना होते. कोणा शिलेदाराची बायको, कोणा कारकुनाची लेक, कोणा यात्रेकरूची सून, यांची जागा खुर्द्यात. आणि खुर्दा मोजावयाचा नसतो. आमची हरवलेली थोरली बहीण त्या न मोजलेल्या खुर्द्यात आहे.

वाचलेली माणसे दक्षिणेच्या वाटेला लागली तेव्हा सुरजमल जाटाच्या मुलखात त्यांना अन्नवस्त्र आणि आसरा मिळाला. तेथून पुढचा टप्पा ग्वाल्हेर. तेव्हा लष्कर वसले नव्हते. दौलतराव शिंद्यांची छावणी येथे कायमची स्थिरावली ती १८१० साली. किल्ल्याखालच्या जुन्या शहरात व आसपास हे निर्वासित जमले. पार्वतीबाई येथे आल्या, मल्हारराव होळकर आले, नाना पुरंदरे आले. पायाला कायमची जखम घेऊन महादजी शिंदे वाचले ते राणेखान नावाच्या भिस्त्याने त्यांना आपल्या बैलावर घालून सुखरूप आणले म्हणून. महादजींनी पुढे त्याला भाऊ मानले आणि सरदारकी दिली. कोण जिवंत आहे, कोण कोठे दिसले, कोणाचे प्रेत कोणी पाहिले, ही विचारपूस ग्वाल्हेरच्या मुक्कामात किती दिवस चालली असेल, याची कल्पना कोणासही यावी.

त्या विचारपुशीचे सर्वांत प्रामाणिक वर्णन एका अठरा वर्षांच्या मुलाने पुढे लिहून ठेवले. बाळाजी जनार्दन भानू, म्हणजे नंतरचे नाना फडणीस, आई व पत्नी यांसह भाऊंच्या छावणीत होते. लढाईनंतर अंगावरची वस्त्रे टाकून, वेश पालटून, पायी, उपाशीपोटी ते रेवाडीच्या बाजूने डीगेस पोचले. पुढे पत्नी एका निष्ठावंत स्वाराच्या सोबतीने सुरक्षित आल्याचे कळले आणि तिची भेट झाली. आई मात्र शत्रूच्या हाती सापडली आणि गेली. नानांचे आत्मवृत्त आज वाचताना मनात राहते ती त्यातील अपराधाची जाणीव: आपण वाचलो आणि आईला वाचवू शकलो नाही. मराठी मुत्सद्द्यांत सर्वांत अबोल म्हणून गणलेला हा पुरुष येथे उघडपणे बोलतो.

नानांना शोध घेता आला, कारण शोधाची साधने त्यांच्या हाती होती. ते फडणिशीच्या घराण्यातले. जासूद पाठविता येत होते, सावकारांच्या पेढ्यांवर चौकशी करता येत होती, जाटांच्या दरबारी ओळख होती, आणि कोणासही थांबवून प्रश्न विचारण्याचा अधिकार पुरुष म्हणून होताच. आता हीच साधने एकेक करून काढून घ्या आणि त्यांच्या जागी चौदा वर्षांची मुलगी उभी करा. त्या काळी या वयाची मुलगी सासुरवाशीण असे. अक्षरओळख बहुधा नसे, म्हणून पत्र लिहिणे वा वाचणे दुसऱ्याच्या हाती. स्वतःचा पैसा नाही, म्हणून जासूद नाही. उंबऱ्याबाहेर एकटीने जाणे नाही, म्हणून वाट नाही. तिला एकच साधन उरते: परत आलेल्या बायकांना विचारणे. पाणवठ्यावर, देवळात, हळदीकुंकवाला, यात्रेच्या धर्मशाळेत, “आमची ताई कोठे दिसली का?” असा तो प्रश्न. हा शोध तोंडी, म्हणून त्याचे दप्तर नाही. पण दप्तर नाही म्हणून तो झालाच नाही, असे म्हणणे हा इतिहासाचा न्याय नव्हे.

याहून कठीण बाजू पुढे आहे. हरवलेल्या पुरुषाविषयी घराची इच्छा स्पष्ट असे: तो जिवंत सापडावा. बारा वर्षे वाट पाहून, पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याचे उत्तरकार्य करण्याचा विधी शास्त्राने सांगितला होता; म्हणजे वाट पाहण्यालाही मुदत आणि शेवट होता. पार्वतीबाईंनी तोही शेवट नाकारला. भाऊंचे प्रेत निःसंशय ओळखले गेले नाही, अशी त्यांची श्रद्धा होती, आणि १७८३ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी सौभाग्यचिन्हे उतरविली नाहीत. भाऊंचे नाव सांगणारा तोतया निघाला, त्याच्यामागे फौज जमली, १७७६ साली त्याला देहदंड द्यावा लागला. हे सारे घडू शकले ते पुरुषाच्या परत येण्याची आस समाजमनात खोल होती म्हणून.

हरवलेल्या स्त्रीची गोष्ट निराळी. शत्रूच्या गोटात राहिलेली मुलगी सापडली तर तिचे काय करावयाचे, हा प्रश्न तिच्या शोधाआधीच घरात उभा राही. पानिपतावर धरल्या गेलेल्या आणि सक्तीने धर्मांतर झालेल्या एका ब्राह्मण पुरुषाला जातीत घेण्यावरून पैठणात मोठा वाद माजला व तो पेशवे सरकारपर्यंत गेला. पुरुषाची ही कथा, तर स्त्रीची काय असेल? म्हणून अनेक घरांत ‘ती गेली’ एवढेच सांगून विषय मिटविला गेला असावा, असे आम्हांस वाटते. मरण सांगणे सोपे होते, कारण मरणाला सुतक असते आणि सुतक फिटते. जिवंत असण्याचा सुगावा लागणे अधिक भयंकर होते. अशा घरात शोध घेऊ पाहणारी धाकटी बहीण अफगाण स्वारांच्या पाठीवर जाण्याआधी स्वतःच्या वडिलधाऱ्यांच्या मौनापाशीच अडत असली पाहिजे.

धरून नेलेल्यांपैकी काहींचे पुढे काय झाले, याचे धागे आमच्या दप्तरांबाहेर सापडतात. अब्दाली १७६१ च्या उन्हाळ्यात पंजाबातून परतत असता शीख पथकांनी त्याच्या सैन्यावर छापे घालून अनेक स्त्रियांची सुटका केली आणि त्यांना घरी पोचविण्याची व्यवस्था केली, असे पंजाबच्या इतिहासकारांनी नोंदविले आहे. बलुचिस्तानातील बुगटी टोळीत मराठा म्हणविणारे गट आजही आहेत आणि ते स्वतःला पानिपतच्या कैद्यांचे वंशज मानतात. त्या वंशात आजी-पणजी कोणी तरी असणारच. ती कोणाची थोरली बहीण होती, हे विचारणारे कोणी उरले नाही.

ग्वाल्हेरात हरवलेल्या माणसाच्या शोधाने दुसऱ्यांदा दार ठोठावले ते ऑक्टोबर १८७४ मध्ये. जयाजीराव शिंद्यांच्या हाती एक मनुष्य लागला. तो बिठूरचे नानासाहेब पेशवे असल्याचा संशय होता. १८५९ च्या सुमारास नेपाळच्या तराईत गेलेल्या नानासाहेबांचा ठाव पुढे निश्चित लागला नव्हता. त्या मनुष्यास इंग्रजांच्या ताब्यात देऊन कानपुरास नेले गेले, साक्षी झाल्या, आणि अखेर तो नानासाहेब नव्हे असा निर्णय सरकारने केला. ओळख पटविण्यासाठी ज्यांच्याकडे पाहिले गेले त्यांत ग्वाल्हेरचे बाबासाहेब आपटे होते. दुसऱ्या बाजीरावांची कन्या त्यांच्या घरी दिली होती. म्हणजे बाजीरावांचे दत्तक पुत्र नानासाहेब हे त्या बाईंचे थोरले बंधू. १८५१ साली वडील वारले तेव्हा त्या लहान होत्या. पाठोपाठ बंडाच्या धामधुमीत भाऊही गेला. सरकारला प्रश्न होता तो पकडलेला मनुष्य फाशीयोग्य बंडखोर आहे की नाही एवढाच. त्याच शहरातील एका घरात तोच प्रश्न बहिणीचा होता. सरकारी प्रश्नाला नकारार्थी उत्तर मिळाले आणि मिसल बंद झाली. बहिणीच्या प्रश्नाला ते उत्तर पुरे पडत नाही. ‘हा नव्हे’ एवढ्याने ‘मग तो कोठे’ हे सुटत नाही.

फाळणीच्या वेळी हेच दुःख लाखोंच्या वाट्याला आले. पळवून नेलेल्या स्त्रियांना परत आणण्यासाठी भारत सरकारने १९४९ साली स्वतंत्र कायदा केला. मृदुला साराभाई, कमळाबेन पटेल यांच्यासारख्या कार्यकर्त्या सीमेच्या दोन्ही बाजूंस हिंडल्या. राज्यसत्तेने प्रथमच खुर्दा मोजावयास घेतला होता. तरीही गांधीजींना आणि नेहरूंना घरोघरच्या बापांना व भावांना विनवावे लागले की परत आलेल्या मुलींना घरात घ्या. पानिपतापासून पावणेदोनशेहून अधिक वर्षे उलटली होती. उंबरा मात्र तोच होता. पुढे मे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हरवलेल्या प्रत्येक बालकाच्या तक्रारीची गुन्हा म्हणून नोंद झाली पाहिजे असा आदेश दिला. आज चौदा वर्षांची धाकटी बहीण हरवलेल्या बहिणीचे छायाचित्र घेऊन ठाण्यात उभी राहिली, तर कायदा तिच्या बाजूस आहे. हा फरक लहान नव्हे. परंतु तिने ठाण्यापर्यंत जावे की नाही, हे ठरते घरात. आणि तेथे ‘लोक काय म्हणतील’ हा प्रश्न अद्याप वयोवृद्ध होऊनही जिवंत आहे.

आमच्या समाजाला पूर्वजांच्या पराक्रमाचा अभिमान आहे आणि तो असावाही. पण पराक्रमाच्या हिशेबात गेलेले पुरुष जमेस धरले जातात. गेलेल्या स्त्रिया कोणत्याच बाजूस लिहिल्या जात नाहीत. ग्वाल्हेरच्या जुन्या वाड्यांतून अजूनही मोडीतील टिपणे, नवसाच्या नोंदी, तीर्थोपाध्यायांच्या वहीतील उतारे, लग्नाच्या याद्या आहेत. लग्नाच्या यादीत मुलीला दिलेल्या पाटल्यांचे वजन असते आणि त्याच ओळीत तिचे नावही असते. नवसाच्या नोंदीत कोणासाठी नवस केला ते असते. ज्यांना मोडी वाचता येते असे वडीलधारे आता बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत, आणि हे कागद त्यांच्याच समोर उलगडले पाहिजेत. वंशावळीची नवी प्रत करताना ‘कन्या दोन’ या शब्दांच्या जागी, जेथे सापडतील तेथे, ती दोन नावे लिहावीत. जेथे सापडणार नाहीत तेथे जागा कोरी सोडावी, खोडू नये. कोरी जागा पाहून उद्या घरातील एखादी चौदा वर्षांची मुलगी विचारील की येथे कोण होते, आणि तो शोध निदान तिला उंबऱ्याच्या आत राहूनही घेता येईल.