ब्रिटनचा पती-पत्नी व्हिसा : नकारानंतरचा अर्ज
वाराणसी : ब्रिटनमधील जोडीदाराकडे जाण्यासाठीचा व्हिसा एकदा नाकारला गेला, तरी नव्याने अर्ज करता येतो. मात्र आधीचा नकार नमूद करणे बंधनकारक आहे. तो लपविल्यास फसवणुकीचा ठपका येऊ शकतो. निर्णयच चुकीचा वाटल्यास भारतातून २८ दिवसांत अपील करता येते. पुरावा अपुरा असल्यास नकारपत्रातील प्रत्येक कारणाचे निरसन करणारा नवा अर्ज श्रेयस्कर. पंचगंगा घाट परिसरात धार्मिक विधीने विवाह झाला असल्यास केवळ छायाचित्रांवर न विसंबता उत्तर प्रदेश विवाह नोंदणी नियम, २०१७ नुसार प्रमाणपत्र घ्यावे. ११ एप्रिल २०२४ पासून किमान वार्षिक उत्पन्नाची अट १८,६०० वरून २९,००० पौंड झाली असून, त्यापूर्वी नकार मिळालेल्यांच्या नव्या अर्जालाही ती लागू होते.