एक सूत : वाकळ, चौकोन आणि कर्ण

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. राजगृहाहून दक्खिणागिरीकडे जात असता भगवान बुद्धांच्या दृष्टीस मगधातील भातखाचरे पडली. बांधांनी आखलेले चौकोन, त्यांना छेदणारे आडवे बांध, आणि बांध एकमेकांना मिळतात तेथे तयार होणारे चौक. भिक्षूंची चीवरे या धर्तीवर करता येतील काय, असे त्यांनी आनंदाला विचारले आणि आनंदाने तसे चीवर शिवून दाखवले. अखंड वस्त्राचा कोणालाही मोह पडतो. कापून जोडलेले वस्त्र मात्र विरक्ताला शोभते आणि त्याचा कोणी लोभ धरत नाही, असे त्यामागील कारण तेथेच सांगितलेले आहे. तुकड्यांच्या वस्त्राचा आराखडा कोणी बेतला आणि काय पाहून बेतला, हे इतक्या स्पष्टपणे सांगणारे प्राचीन वचन दुर्मीळच म्हटले पाहिजे.

आपल्याकडील वाकळेला असा ग्रंथाधार नाही. ती गरजेतून जन्मली. नऊवारी लुगडे बसण्याच्या जागी आणि गुडघ्यांपाशी आधी विरते. काठ आणि पदर मात्र कितीतरी वर्षे धड राहतात. त्यामुळे वाकळेत काठांच्या लांब पट्ट्या येतात, पदराचे चौकोन येतात, आणि चोळी बेतताना काखेशी उरलेल्या चिंध्यांचे त्रिकोण येतात. वाकळेची भूमिती ही आधी कापडाच्या झिजेची भूमिती असते. सौंदर्याचा विचार त्यानंतरचा. तरीही गडद तुकड्याशेजारी फिका तुकडा ठेवण्याची दृष्टी आमच्या आज्यांना कोणी शिकवली, हा प्रश्न उरतोच.

ठिगळ ही दारिद्र्याची खूण मानली जाई. ती खूण समजूनउमजून अंगावर वागवणारे गाडगे महाराज (१८७६–१९५६) काही भागांत ‘गोधडे महाराज’ म्हणून ओळखले जात. हातात खराटा आणि अंगावर चिंध्या असलेल्या त्या पुरुषाचे चरित्र आपण वर्गात शिकवतो, आणि ते शिकवलेच पाहिजे. परंतु ज्या असंख्य स्त्रियांनी आयुष्यभर चिंध्यांना टाके घातले, त्यांच्यापैकी एकीचेही नाव इतिहासाच्या पुस्तकात सापडत नाही.

आमच्या खानापूर तालुक्याच्या जंगलपट्ट्यात आणि पलीकडे हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांत सिद्दी समाजाची वस्ती आहे. पोर्तुगीज अमलात गुलाम म्हणून गोव्यात आणलेल्या आफ्रिकी माणसांपैकी अनेक जण पळून सह्याद्रीच्या रानात आले. त्यांचे हे वंशज. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दींना २००३ साली अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. त्यांच्या स्त्रिया शिवतात ती ‘कवंदी’. तिची रीत लक्षात घेण्याजोगी आहे. जुन्या साडीचे अस्तर अंथरून एका कोपऱ्यापासून प्रारंभ करायचा, तुकड्याच्या कडा आत दुमडत धावदोऱ्याने कडेकडेने पुढे जायचे, आणि फेरी पूर्ण झाली की आतल्या फेरीला लागायचे. अशा रीतीने मध्यबिंदूपर्यंत पोहोचायचे. चारही कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाचे त्रिकोणी ‘फूल’ बसवायचे. त्यावाचून कवंदी उघडी, अपुरी मानली जाते. येथे मोजपट्टी लागत नाही. प्रत्येक तुकडा आधीच्या तुकड्याला पाहून बसतो. एखादा तिरका गेला तर पुढचा त्याला सांभाळून घेतो. वाकळेचेही तसेच. चारचौघी एका सोप्यात बसून शिवत असल्या म्हणजे चूक तिथल्या तिथे मुरते.

याहून वेगळी रीत अमेरिकेत रूढ झाली. तेथे गोधडीचे सुटे चौकोन आधी शिवले जातात आणि मग एकमेकांना जोडले जातात. १८४० च्या दशकात प्रत्येक चौकोनावर शिवणाऱ्याचे नाव लिहिण्याची टूम तेथे फार लोकप्रिय झाली. कुटुंबे पश्चिमेकडे नव्या मुलखात निघाली होती. आप्तेष्टांची नावे असलेली गोधडी गाडीत बरोबर जाई. एका जाजमावर पुन्हा कधी बसू न शकणाऱ्या माणसांनी आपापल्या घरी एकेक चौकोन करावा आणि ते चौकोन एकत्र यावेत, ही त्या रीतीची खरी सोय आहे. मात्र सोयीला किंमत पडते. कवंदी चूक पोटात घालते. सुटा चौकोन ती साठवतो. प्रत्येक चौकोनात इंचाचा आठवा भाग, म्हणजे गवंडी-सुतार ज्याला ‘एक सूत’ म्हणतात तेवढा फरक पडला, तर दहा चौकोनांच्या ओळीत सव्वा इंचाची तफावत होते.

म्हणून मापाचा विचार करावा लागतो. ‘मैत्रीचा तारा’ या नावाने परदेशात प्रसिद्ध असलेला नमुना घेऊ. तयार चौकोन बारा इंचांचा, त्यात चार-चार इंचांची नऊ घरे. मध्यभागी एक रंगीत घर, चार कोपऱ्यांत चार फिकी घरे, आणि उरलेल्या चार घरांत प्रत्येकी एक रंगीत व एक फिका त्रिकोण. शिवणीसाठी प्रत्येक बाजूला पाव इंच सोडायचा, म्हणून साध्या घरांसाठी साडेचार इंचांचे पाच चौकोन कापावेत. येथवर कोणीही चुकत नाही. त्रिकोणांसाठीही साडेचारचाच चौकोन कर्णावर कापला, की जोडल्यानंतर ते घर सुमारे तीन सुतांनी आखूड भरते आणि ताऱ्याची टोके शिवणीत गडप होतात.

याचे कारण कर्णात आहे. कर्णावरील शिवण पाव इंचाची खरी, पण तो पाव इंच कर्णाला लंब असतो. चौकोनाच्या बाजूवर त्याचे माप दोनच्या वर्गमुळाच्या पटीत वाढते : ०.२५ गुणिले १.४१४, म्हणजे सुमारे ०.३५ इंच, व्यवहारात तीन सूत. म्हणून त्रिकोणांचा चौकोन साडेचार अधिक तीन सूत, अर्थात पाच इंचांना एक सूत कमी, असा कापावा. रंगीत दोन आणि फिके दोन असे चार चौकोन कर्णावर कापले की आठ त्रिकोण मिळतात आणि चार घरे भरतात. चौरसाच्या कर्णावर उभारलेल्या चौरसाचे क्षेत्र मूळ चौरसाच्या दुप्पट असते, हे बौधायनाने शुल्बसूत्रात सांगितले आहे. दोनच्या वर्गमुळासाठी त्याने दिलेली रीत ५७७ भागिले ४०८ इतकी येते, आणि ती दशांशाच्या पाच स्थळांपर्यंत बिनचूक आहे. ‘शुल्ब’ म्हणजे दोरी. यज्ञवेदीची दोरी आणि शिवणाचा दोरा यांना एकच कर्ण आडवा आला.

आमच्या शिक्षणाच्या इतिहासात मात्र या दोहोंची ताटातूट झाली. पुण्यात १८८४ साली मुलींची हुजूरपागा शाळा निघाली. तिच्या अभ्यासक्रमावर १८८७ मध्ये लोकमान्य टिळकांच्या ‘मराठा’ पत्रातून टीका झाली. मुलींना इंग्रजी वळणाचे उच्च शिक्षण देण्याऐवजी देशी भाषा, नीतिशिक्षण आणि शिवणकाम शिकवावे, असा त्या टीकेचा रोख होता. लोकमान्यांविषयी आपणा सर्वांना नितांत आदर आहे; स्वतः ते गणिताचे मोठे अभ्यासक होते. म्हणूनच शिवणकाम हे विद्येच्या अलीकडचे काही तरी आहे, ही समजूत त्यांच्याही पत्रात यावी याचे नवल वाटते. ही समजूत पुढे दोन्ही बाजूंनी टिकली. शिकलेल्या मुलींनी सुई खाली ठेवली, आणि सुई धरणाऱ्या बायकांना ‘तुम्ही जे करता ते गणितच आहे’ असे कोणी सांगितले नाही. वेळापत्रकात कार्यानुभवाचा तास आणि भूमितीचा तास आजही शेजारी असून अनोळखी आहेत.

आता बेंगळुरूकडे वळू, कारण आपली बरीच मुले तेथे आहेत. आर. के. बाळिगा यांच्या कल्पनेतून ‘किऑनिक्स’ या सरकारी महामंडळाने १९७८ साली कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या गावांच्या ३३२ एकर जमिनीवर इलेक्ट्रॉनिक सिटी वसवली. शेतांच्या बांधांच्या जागी भूखंडांच्या सीमा आल्या. तेथे नकाशे, आकृत्या आणि हिशेब यांनाच पगार मिळतो. तेथून शहराकडे येताना होसूर रस्त्यावर बोम्मनहळ्ळीचा तयार कपड्यांच्या कारखान्यांचा पट्टा लागतो. तेथील कापणीतून उरलेली चिंधी वजनावर विकली जाते. आणि फ्लॅटच्या माळ्यावर, प्लास्टिकच्या पिशवीत, गावाहून आलेली आईची वाकळ असते. धुण्याच्या यंत्रात ती मावत नाही, बाल्कनीत लवकर वाळत नाही. टाकवतही नाही.

हीरक महोत्सवासाठी आपण साठ चौकोनांची वाकळ योजली आहे : सहा उभ्या ओळी, प्रत्येकीत दहा चौकोन. त्यांपैकी अकरा चौकोन इलेक्ट्रॉनिक सिटीतील माजी विद्यार्थ्यांनी अंगावर घेतले. कोणी आजीच्या इरकलीचा पदर कापला आहे, कोणी मुलाचे दुपटे, कोणी कंपनीचा जुना सदरा. एका विद्यार्थ्याने तीन सुतांचे कारण पत्राने विचारले. वरील विवेचन त्याच उत्तराचा विस्तार आहे. त्याच्या आईला मात्र विचारावे लागले नव्हते. इयत्ता चौथीनंतर शाळा सुटलेल्या त्या बाईंनी कागद दुमडून, कापून, पुन्हा जुळवून पाहिला आणि ‘पाचाला एक सूत कमी’ असे सांगितले.

अजून तेवीस चौकोन यायचे आहेत. पाठवताना चौकोन उलट बाजूने इस्त्री करावा, घडी न घालता पुठ्ठ्यावर ठेवावा. तो साडेबारा इंच भरला पाहिजे. मागील बाजूस शिवणाऱ्याचे आणि जिचे वस्त्र वापरले तिचे नाव पक्क्या शाईने लिहावे. कडेचा पाव इंच मोकळा सोडावा. ती शिवण शाळेच्या सभागृहात, जाजमावर बसून, पालक-माता आणि आज्या घालणार आहेत.