उंदरांमधील ताण-संप्रेरकांचे नियमन

उंदरावर ताण आला असता त्याच्या मेंदूतून निघालेला संदेश पोष ग्रंथीमार्फत (पीयूषिका) अधिवृक्क ग्रंथींपर्यंत पोहोचतो, आणि त्या ग्रंथींनी स्रवलेले संप्रेरक पुढे तोच संदेश थांबवते. या परस्परनियंत्रणास ताण-संप्रेरकांचे नियमन म्हणतात. या विषयाचे बरेचसे ज्ञान प्रयोगशाळेतील पांढऱ्या उंदरांवरील अभ्यासातून मिळाले आहे.

कार्यपद्धती

मेंदूच्या तळाशी असलेल्या अधोथॅलॅमसमधून सीआरएच हे संप्रेरक स्रवते. वायली व्हेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये मेंढीच्या मेंदूतून मिळवून त्याची रचना उलगडली. सीआरएचमुळे पोष ग्रंथी एसीटीएच सोडते. एसीटीएच रक्तातून मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींच्या बाह्यकापर्यंत जाते व तेथून कॉर्टिकोस्टेरोन स्रवते. माणसात हे काम मुख्यतः कॉर्टिसॉल करते. ते तयार करण्यास लागणारे एक विकर उंदराच्या अधिवृक्क ग्रंथीत नसते. म्हणून उंदराचा ताण कॉर्टिसॉलवरून मोजणे व्यर्थ ठरते.

नियंत्रण

हान्स सेल्ये यांनी १९३६ मध्ये दाखवले, की थंडी, इजा, विषारी द्रव्ये अशा अगदी भिन्न कारणांनीही उंदरांच्या अधिवृक्क ग्रंथी मोठ्या होतात, यौवनलोपी ग्रंथी आक्रसते आणि जठरात व्रण पडतात. मात्र ही यंत्रणा थांबते कशी, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा होता. १९३७ मध्ये इंगल व केंडल यांनी उंदरांना अधिवृक्क बाह्यकाचा अर्क मोठ्या प्रमाणात दिला, तेव्हा त्यांच्या स्वतःच्या अधिवृक्क ग्रंथी झिजल्या. बाहेरून संप्रेरक मिळू लागले की एसीटीएच घटते आणि त्याच्या चालनेवाचून बाह्यक सुकते. उलट, या ग्रंथी काढून टाकल्यास एसीटीएच वाढते. यालाच ऋण प्रत्याभरण म्हणतात. मेंदूतील हिप्पोकॅम्पस व अधोथॅलॅमस तसेच पोष ग्रंथी यांतील ग्राही कॉर्टिकोस्टेरोनची पातळी ओळखतात.

हे तत्त्व रुग्णांच्या दृष्टीने जिव्हाळ्याचे आहे. दमा किंवा संधिवातासाठी दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्यांच्या अधिवृक्क ग्रंथी अशाच मंदावतात. औषध एकदम बंद केल्यास रक्तदाब कोसळून जीव धोक्यात येऊ शकतो. म्हणून डॉक्टर मात्रा हळूहळू कमी करतात.

दैनंदिन लय व मापन

उंदीर निशाचर असल्याने त्यांचे कॉर्टिकोस्टेरोन संध्याकाळी, अंधार पडण्याच्या सुमारास सर्वाधिक असते. माणसाचे कॉर्टिसॉल मात्र पहाटे वाढते. नुसते हाताळल्यानेही काही मिनिटांत पातळी चढते. त्यामुळे रक्त केव्हा व कसे घेतले याची नोंद नसलेल्या आकड्यांवर फारसे विसंबता येत नाही.

बालवयातील ताण

जन्मानंतर साधारण चौथ्या ते चौदाव्या दिवसापर्यंत पिलांची ही यंत्रणा बरीचशी शांत असते आणि ती शांत ठेवण्यात आईच्या सहवासाचा मोठा वाटा असतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विदिता वैद्य यांच्या गटाने या वयात आईपासून रोज काही तास दूर ठेवलेल्या पिलांचा अभ्यास केला. अशी पिले मोठेपणी अधिक भयग्रस्त वागतात. मात्र त्या दिवसांतच सेरोटोनिनचे ठरावीक ग्राही औषधाने रोखले असता मोठेपणीची ही भयग्रस्तता टळल्याचे या गटाला आढळले.